हजेरीचा आकडा जेवणात टाकला तर चालतो का?

प्रश्न : ताई, शाळेच्या जेवणाचं रजिस्टर माझ्याकडे आहे. गडबडीत मी हजेरीचाच आकडा लिहिते, तपासणीत चालेल ना?

उत्तर : नाही हो, हे आजच बंद करा. हजर असलेलं प्रत्येक मूल जेवतंच असं नाही, आणि तपासणीवाले हजेरी, जेवणाचा आकडा, साठ्याचं रजिस्टर शेजारी शेजारी ठेवून बघतात, रोज तंतोतंत जुळलं की उलट शंकाच येते. ताट हातात दिलं की तिथेच खूण करा, संध्याकाळी आठवून नको. आकडा चुकला तर व्हाइटनर नको, एक रेघ मारून सही करायची. आणि थर्मामीटर घ्याच, गरम अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर हवं, लेकरांच्या पोटाचा प्रश्न आहे, ते तापमानही वेळ टाकून लिहा.