३० हजारांत पहिला टर्नटेबल आणि स्पीकर कुठले घ्यावेत? घरी आजोबांच्या जुन्या रेकॉर्ड पण आहेत.

ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी६०एक्स आणि एडिफायरचे आर१२८०टी पॉवर्ड स्पीकर घ्या, ऑफर बघून घेतलं तर तुमच्या बजेटमध्ये बसायला हरकत नाही. कारण असं की रेकॉर्डवरचा सिग्नल फार बारीक असतो, तो वाढवायला फोनो प्रीअँप लागतोच, तो या टर्नटेबलमध्ये आतच आहे आणि अँप (अँप्लिफायर) स्पीकरमध्ये आहे, म्हणजे एक आरसीए केबल (लाल-पांढऱ्या पिनांची) जोडली की झालं, वेगळा डबा घ्यायला नको. सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेयर मात्र प्लीज घेऊ नका, त्यातल्या बऱ्याच जणांत सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला स्वस्त प्रकारचा भाग) असते आणि सुईचा दाब ५-६ ग्रॅमपर्यंत जातो, चांगल्या रेकॉर्ड झिजतात हो, आणि बारके स्पीकर त्याच डब्यात असल्याने आवाजात काही दमच नसतो. मी स्वतः हाच सेट वापरतोय.

फक्त आजोबांच्या रेकॉर्ड आधी तपासा. ३३ किंवा ४५ च्या (म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे) असतील तर प्रश्नच नाही. पण जड, पडल्यावर फुटणाऱ्या लाखेच्या ७८ च्या असतील (जुनं नाट्यसंगीत बहुतेक त्यावरच असतं) तर हा टर्नटेबल चालणार नाही, त्यात ७८ चा स्पीडच नाही. त्यासाठी एटी-एलपी१२०एक्स बघावा लागेल, तो महाग आहे, आणि ७८ ची जाड सुई वेगळी घ्यावी लागेल, एलपीची (३३ च्या रेकॉर्डची) सुई त्या रुंद खाचेत नीट बसत नाही.

स्पीकर टर्नटेबलच्याच टेबलावर ठेवू नका, हादरे सुईपर्यंत जातात.