उपग्रहाच्या एनडीव्हीआयवरून (म्हणजे हिरवाई दाखवणाऱ्या आकड्यावरून) कुरणाचा ऱ्हास कळतो का? किती वर्षांचा डेटा पुरतो?

कळतो. पण एनडीव्हीआय वाढला म्हणजे कुरण सुधारलं, असं जो छातीठोकपणे सांगेल त्याला आधी विचारा की बाबा, तू तिथे पाय ठेवलास का?

एका प्रकल्पात माझ्याकडे जमिनीवरच्या नोंदी होत्या. मीटरभराची चौकट टाकायची, आतलं गवत कापायचं, जातीनुसार निवडायचं, वाळवून वजन करायचं. तिकडे ऑफिसात बसून एका साहेबांनी 2000 पासूनचा मोडिस या उपग्रहावरच्या सेन्सरचा डेटा घेतला, वार्षिक सरासरीचा कल काढला आणि निम्मा नकाशा हिरवा केला. ज्या तुकड्याचा हिरवा सगळ्यात गडद, नेमकं तिथेच माझ्या चौकटींत गुरांनी तोंड लावावं असं गवत जवळपास नव्हतं. होती ती वेडी बाभूळ. तिचा पाला गुरं सहसा खात नाहीत. शेंगा मात्र आवडीने खातात आणि शेणातून बी लांबवर नेऊन टाकतात. कच्छमधल्या बन्नीच्या कुरणात 1960च्या दशकात ही बाभूळ लावली, तिने कुरणाचं काय केलं ते सर्वांसमोर आहे. उपग्रहाला त्याचं काय? पानांनी लाल प्रकाश शोषला, अवरक्त परतवला, की आकडा वर!

बैठकीत मला ऐकवलं गेलं, "तुमचे नमुने फार थोडे आहेत." अहो, तुमच्या 250 मीटरच्या एका पिक्सेलमध्ये, म्हणजे चित्राच्या एका ठिपक्यात, सव्वासहा हेक्टर जमीन येते, त्यात बाभूळ आणि गवत यांचा एकच आकडा होतो, त्याचं काय? मी एवढंच म्हणत होतो की वार्षिक सरासरी सोडा, कोरडे महिने वेगळे काढा. गवत तेव्हा वाळलेलं असतं, बाभूळ हिरवी असते. कोरड्या महिन्यांतला आकडा वर्षानुवर्षं चढत असेल तर ती झुडपं आहेत, चारा नाही. दोन तासांचं काम होतं. "प्रस्तावात नाही" म्हणून झालं नाही.

वर्षांचं म्हणाल तर सुरुवात कुठून करता ते आधी बघा. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला असलेल्या साहेल पट्ट्यात 1980च्या दशकातल्या दुष्काळापासून रेघ ओढली की ती वरच जाणार, कारण नंतर पाऊस सुधारला. म्हणून पावसाचा हिस्सा वजा करून उरलेल्या फरकाचा कल काढतात. सेंटिनेल-2 हा उपग्रह दहा मीटरपर्यंत बारकावा दाखवतो, पण त्याचा डेटा 2015 पासूनचाच. जुनं बघायचं तर लँडसॅट उपग्रहांचा डेटा घ्या; मात्र त्याचे वेगवेगळे सेन्सर जुळवून न घेता एका रेघेत ओढू नका.

हां, जिथे झुडपं नाहीतच, नुसता गवताळ माळ आहे, तिथे एनडीव्हीआय बऱ्यापैकी काम देतो. गवत विरळ आणि माती उघडी असेल तर मात्र साव्ही, म्हणजे उघड्या मातीचा परिणाम कमी करणारा निर्देशांक, वापरा. आणि ऱ्हास फार झाला असेल तर पाऊस-हिरवाईचं नातंच बिघडतं, मग ती वजाबाकीही फसवते.