'किरण मासेमारी' की पाकट?

प्रश्न असा आहे: जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीवरच्या इंग्रजी लेखाचा मथळा भाषांतरयंत्राने 'विविध देशांतील व्यावसायिक किरण मासेमारी उत्पादनाच्या प्रवृत्ती' असा करून दिला, मराठीत काय लिहावे?

आधी 'किरण' काढा. मुळात इंग्रजी 'रे' (ray) आहे, आणि त्याचे अर्थ दोन: किरण आणि एक मासा. प्रकाशाचा 'रे' लॅटिन 'रेडियस'पासून आला, माशाचा 'राया'पासून. इंग्रजीत दोघांचे रूप एक झाले, एवढेच. गंमत म्हणजे 'रे-फिन्ड' (पंखांत किरणांसारख्या काड्या असलेले) म्हणतात ते सुरमई-पापलेटसारखे हाडांचे मासे. आपला मासा मुशीचा (शार्कचा) भाऊबंद, कूर्चेच्या सांगाड्याचा. त्याला किनाऱ्यावर पाकट म्हणतात, सिंधुदुर्गात वागळी.

पण सगळे 'रे' पाकट नव्हेत. इंडोनेशिया आणि भारताच्या नोंदींत शेपटीला विषारी काटा असलेले, पिल्लांना जन्म देणारे पाकट पुष्कळ. अर्जेंटिनाच्या नोंदींत मुख्यतः स्केट, म्हणजे अंडी घालणारे, विषारी काटा नसलेले. तेव्हा 'पाकट व स्केट' असेच लिहा.

'उत्पादन' चुकीचे नाही, 'मत्स्योत्पादन' रुळलेलाच शब्द आहे. मात्र त्यात मत्स्यशेतीही येते, आणि खाण्यासाठी पाकट कोणी शेततळ्यात वाढवत नाही. इथे 'पकड' नेमके. त्यातही जाळ्यात आलेले सगळे बंदरावर उतरत नाही; समुद्रातच फेकलेला मासा या आकड्यांत धरत नाहीत. वजनाचीही तीच कथा. युरोपात बरेचदा स्केटचे नुसते पंख उतरवतात, म्हणून त्या वजनाला साधारण दोनाने गुणून जिवंत वजन, म्हणजे अख्ख्या माशाचे वजन, काढावे लागते. तळटीप न वाचता दोन देशांचे टन शेजारी मांडले की घोटाळा ठरलेला.

'प्रवृत्ती' माणसाची, आकड्यांचा 'कल'. तोही जपून वाचावा. मुशी-पाकट वर्गाची एकूण जागतिक नोंद २००३ च्या सुमारास सुमारे ९ लाख टनांवर जाऊन उतरली, हा खरा उतार. पण एखाद्या देशाने 'इतरत्र न नोंदलेले पाकट' या ढोबळ रकान्याऐवजी जातवार नोंद सुरू केली, तर त्या रकान्याची रेषा धाडकन पडते, मासा तितकाच असला तरी. युरोपीय संघाने २००९ पासून प्रमुख स्केटची जातवार नोंद मागितली, तेव्हाचे आकडे म्हणूनच बेरीज करून पाहावेत.

मथळा: 'पाकट व स्केट यांची व्यावसायिक पकड: देशोदेशींचा कल'.