प्रबंध घेऊन मंत्रालयात जाण्याआधी

संशोधनातून सरकारी धोरण बदलावं असं वाटत असेल, तर थेट मंत्र्यांची वेळ मागू नका. विषय पुढे सरकतो तो कक्ष अधिकाऱ्याच्या टिपणीवरून, म्हणजे फाइलवर लिहिलेल्या प्रस्तावावरून. ती अवर सचिव, उपसचिव अशी वर चढते. म्हणून आधी तुमच्या विषयावरचा सध्याचा शासन निर्णय संकेतस्थळावरून काढा आणि खाली सही कोणाची आहे ते बघा. पहिली भेट त्याच कार्यासनात, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या कक्षात.

सोबत मराठीतली दोन पानं, जास्त नाही. संशोधनपद्धती हवी असेल तर परिशिष्टात. ‘भूजलाचं नियमन कडक व्हावं’ असलं वाक्य नस्तीत (फाइलीत) कुठेच बसत नाही. ‘परिच्छेद ३ मध्ये “विहीर” या शब्दापुढे “व विंधन विहीर” हे शब्द घालावेत’ असं लिहिलंत, तर ते टिपणीत जसंच्या तसं उतरवता येतं. खर्च येणार असेल तर रक्कम आणि शक्यतो लेखाशीर्षही (अर्थसंकल्पात तो खर्च ज्या शीर्षाखाली पडतो ते) द्या; बहुतेक चांगल्या सूचना इथेच अडकतात. आकडे राज्याचे नकोत, तालुक्याचे द्या.

प्रत आवक शाखेत (येणारी टपाल नोंदवणाऱ्या शाखेत) देऊन शिक्का नि क्रमांक घ्या. नुसता ईमेल हरवतो, आणि अधिकाऱ्याची बदली झाली की ओळखही संपते. क्रमांक मात्र राहतो.

अधिवेशनाच्या दिवसांत जाऊ नका. सगळे तारांकित प्रश्नांच्या (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांच्या) उत्तरांत बुडालेले असतात, हिवाळ्यात तर नागपुरातच. अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो खरा, पण विभागांची आकडेमोड काही महिने आधीच उरकलेली असते. फेब्रुवारीत पोचलात तर नुसता चहा मिळेल.

केंद्राच्या विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी किमान ३० दिवस खुला ठेवावा, असं कायद्याआधी लोकांचं मत घेण्याबाबतचं केंद्राचं २०१४ चं धोरण सांगतं. तिथे कलमवार लिहा.