ट्रॉमा सेंटरसाठी गाइडलाइन्स स्वतः लिहायच्या की तयार घ्यायच्या? आणि त्या अद्ययावत कशा ठेवायच्या?

तुमच्याकडे नवं ट्रॉमा सेंटर सुरू होतंय आणि गाइडलाइन्सची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडलीय, असं प्रश्नावरून दिसतंय. मी बरीच वर्षं ट्रॉमात आहे, त्यातली काही प्रोटोकॉल समितीत गेली. त्या अनुभवावरून सांगतो.

तयार घ्या, बिनदिक्कत घ्या. पुरावा चाळायचं काम अमेरिकेतली ईस्ट ही ट्रॉमा सर्जनांची संघटना, ब्रिटनची नाइस ही उपचारांच्या गाइडलाइन्स काढणारी संस्था अशांनी करून ठेवलंय. चार कन्सल्टंटांनी शनिवारी दुपारी बसून तेच पुन्हा करण्यात काही हशील नाही. तुमचं काम त्याच्या पुढचं आहे. तो कागद तुमच्या इमारतीत चालला पाहिजे.

मॅसिव्ह ट्रान्सफ्युजनचंच घ्या, म्हणजे खूप रक्तस्राव होणाऱ्याला भराभर भरपूर रक्त चढवणं. लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट १:१:१ हे लिहायला एक ओळ पुरते. पण ब्लड बँकेला फोन कोणी करायचा? गोठवलेला प्लाझ्मा वितळायला वीस-तीस मिनिटं लागतात, तोवर काय चढवायचं? पिशव्या आणायला कोण पळणार? आणि रक्तस्राव आटोक्यात आल्यावर ‘आता बास’ हे कोण कळवणार? आमचा पहिला मसुदा सर्जन आणि भूलतज्ज्ञांनी मिळून केला होता, आम्ही त्यावर खूशही होतो. ब्लड बँकेच्या तंत्रज्ञाने तो वाचला आणि एवढंच विचारलं, ‘रात्री दोनला प्लेटलेट मी कुठून देऊ, सर?’ मसुदा परत गेला. तेव्हापासून तंत्रज्ञ आणि इन-चार्ज सिस्टर पहिल्या बैठकीपासून असतात.

लिहिणं त्या मानाने सोपं. खरी कटकट नंतर सुरू होते.

एटीएलएस या डॉक्टरांसाठीच्या ट्रॉमा प्रशिक्षणाच्या २०१८च्या दहाव्या आवृत्तीने मोठ्या माणसाला सुरुवातीला द्यायचं सलाईन १ लिटरवर आणलं, त्याआधी २ लिटरपर्यंत चालायचं. आम्ही लगेच बदल केला, सगळ्यांना मेल गेला, संगणकावर नवी प्रत चढली. काही महिन्यांनी एका रात्री पाहतो तर पोटात रक्तस्राव होणाऱ्या रुग्णाला रेसिडेंटने सलाईनची दुसरी लिटर लावलेली. त्याला विचारलं, तर त्याने क्रॅश कार्टच्या, म्हणजे तातडीच्या सामानाच्या ट्रॉलीच्या, कप्प्याकडे बोट दाखवलं. आत चिकटपट्टीने डकवलेली, कडा पिवळ्या पडलेली जुनी लॅमिनेट केलेली प्रत होती. त्याला काय बोलणार? समोर जे होतं ते त्याने वाचलं. तेव्हापासून प्रत्येक छापील प्रतीवर क्रमांक असतो, कुठली प्रत कुठे लावलीय याची यादी असते, आणि जुनी प्रत हातात पडल्याशिवाय नवी मिळत नाही. ऐकायला कारकुनी वाटतं, मलाही वाटायचं.

दर तीन वर्षांनी फेरतपासणी ही सर्वसाधारण पद्धत आहे आणि ती ठीकच आहे. पण फक्त तारखेवर विसंबू नका. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या रक्तस्राव कमी करणाऱ्या औषधावरचा क्रॅश-२ अभ्यास २०१० साली आला. त्यात २०,२११ रुग्ण होते आणि जखमेनंतर ८ तासांपर्यंतचे घेतले होते. पुढच्याच वर्षी त्याच आकड्यांच्या विश्लेषणातून दिसलं, की ३ तासांनंतर औषध दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढतात. ज्यांनी ‘८ तासांच्या आत’ असं लिहून फाइल बंद केली असेल, त्यांनी तीन वर्षं वाट पाहायची का? म्हणून प्रत्येक प्रोटोकॉलला एक मालक हवा. समिती नको, एक माणूस, नावानिशी. त्या विषयात नवीन काय आलं यावर नजर ठेवणं त्याचं काम. तो बदलून गेला तर त्याच आठवड्यात दुसरं नाव लिहा.

ऑडिटमध्ये ‘हे औषध दिलं का?’ एवढंच विचारू नका. आम्ही तेच विचारायचो आणि उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ यायचं. ‘किती वाजता दिलं?’ विचारायला लागल्यावर उशीर दिसला. कारण शोधलं तर औषध कुलूपबंद कपाटात, आणि किल्ली शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरकडे. प्रोटोकॉलमधला एक शब्दही बदलावा लागला नाही, औषध ट्रॉलीवर आणलं.

सुरुवातीला पाचच लिहा: मॅसिव्ह ट्रान्सफ्युजन, डोक्याची दुखापत, मानेचा मणका, उघडं फ्रॅक्चर आणि ट्रॉमा टीमला केव्हा बोलवायचं. प्रत्येकी एक पान. सहावा लिहायला घेण्याआधी नाइट शिफ्टला अचानक जा आणि या पाचांपैकी एखादा शोधून दाखवायला सांगा.