पणजोबांची खानावळ कागदावर कुठं सापडेल?

प्रश्न : पणजोबा साधारण १९३५ ते १९५५ या काळात कोल्हापुरात खानावळ चालवत. ती महाद्वार रोडला होती की गंगावेशीत, यावर घरात एकमत नाही. सिटी सर्व्हेत त्यांचं नाव निघालं नाही. विलायतेत जुन्या जनगणनेत पबवाल्यांची नावं सापडतात म्हणे. आपल्याकडे तसं काही आहे का?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : जनगणनेचा नाद सोडा. इंग्लंडात शंभर वर्षांनी घरोघरचे तक्ते खुले होतात. १९२१ चे २०२२ मध्ये झाले. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्यानं वैयक्तिक नोंदी कुणालाच पाहता येत नाहीत. छापून येतात ते फक्त आकडे.

सिटी सर्व्हेत नाव नाही म्हणून खचू नका. खानावळी बहुतेक भाड्याच्या जागेत असायच्या आणि मिळकत पत्रिका (सिटी सर्व्हेचा मालकीचा उतारा) सांगते ती मालकाची गोष्ट. तिच्यावर ‘नवीन धारक (धा), पट्टेदार (प) किंवा भार (इ)’ असा एक रकाना असतो. नोंदणीकृत भाडेपट्टा असेल तर तिथं ‘प’ लिहून नाव येऊ शकतं. महिन्याच्या भाड्यानं बसलेल्याचं येत नाही. म्हणून आधी जागा शोधा, माणूस नंतर.

जागेसाठी घरातली जुनी पत्रं, लग्नपत्रिका, विजेची बिलं काढा. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उताराही मागा. कधी कधी त्यात पालकाचा पत्ता आणि धंदा असतो. जागेचा नंबर मिळाला तर वॉर्डासकट उतरवा. तोच नंबर ए वॉर्डातही असतो आणि सी वॉर्डातही. वॉर्ड चुकला की भलत्याच पेठेतली मिळकत हाती येते.

मग महापालिकेचा घरफाळा (मालमत्ता कर) विभाग. जुन्या आकारणी रजिस्टरात मालकाबरोबर भोगवटादाराचं, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्याचं, नाव असेल, तर तुमचं काम तिथंच होईल. माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा. ‘पणजोबांच्या खानावळीची माहिती द्यावी’ असं लिहू नका, ‘अशी माहिती संकलित नाही’ म्हणून अर्ज परत येईल. वॉर्ड, मिळकत नंबर आणि दोन-तीन ठरावीक वर्षं देऊन रजिस्टरची पाहणी मागा. रजिस्टर उपलब्ध नसेल तर खाद्यगृहाच्या परवान्याची नोंद विचारा. १९४८ च्या दुकाने व संस्था कायद्यात खानावळीही येत, त्यामुळे शेवटच्या काही वर्षांसाठी ती नोंदणीही पाहण्यासारखी आहे.

संस्थान १ मार्च १९४९ ला विलीन झालं. त्याआधीचे दरबारी कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात पाहावे लागतात. त्यांतले पुष्कळ मोडीत आहेत, तेव्हा जाणकार वाचक सोबत न्या. तारीख फसली सनातली (जूनपासून सुरू होणारं जुनं महसुली साल) असेल तर इसवी सनासाठी जून ते डिसेंबरसाठी ५९० आणि जानेवारी ते मेसाठी ५९१ मिळवा. फसली १३४५ म्हणजे १९३५-३६. फसलीला शक समजून ७८ मिळवले, तर तीच नोंद १४२३ सालची होऊन बसते!