बीजभाषणाला आदिवासी वक्ते : वाचकांचे प्रश्न

सामूहिक वनहक्कांवरच्या आमच्या परिषदेत गडचिरोलीतल्या एका ग्रामसभेच्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांना बीजभाषणाला बोलवावं असं मला वाटतं. सहकारी म्हणतात, पदवी नाही, त्यांना चर्चासत्रात घेऊ.

बीजभाषणच द्या. २००६चा वनहक्क कायदा अनेकांनी वाचलाय. पण धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाल्यावरही स्वतःचाच बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याकरता झगडावं लागलं आणि ते परवाने २०११मध्ये ग्रामसभेच्या हाती आले. कायदा कुठे अडतो आणि तो कसा सोडवायचा, हे ज्यांनी केलं त्यांनाच विचारायला हवं. आणि असा माणूस समोर असताना आपण त्याची पदवी शोधतो, याचं मला फार वाईट वाटतं.

तारीख मात्र त्यांना विचारूनच ठरवा. मे महिना तेंदूपत्त्याचा, पावसाळा भाताच्या रोवणीचा. ते ग्रामसभेच्या वतीने बोलणार असतील तर पत्र ग्रामसभेच्या नावे पाठवा आणि निर्णयाला वेळ द्या, बैठक झाल्याशिवाय होकार येणार नाही. मानधन इतर बीजवक्त्यांइतकंच ठेवा आणि आकडा पहिल्याच पत्रात लिहा. प्रवासखर्च आधी पाठवा. ‘तिकिटं जोडा, मग बिल काढू’ ही पद्धत पगारदार माणसाला परवडते. सोबत कुणी येणार असेल तर त्याचाही खर्च धरा.

९ ऑगस्टच्या, जागतिक आदिवासी दिनाच्या कार्यक्रमात वारली वक्त्या बोलणार आहेत. त्यांनाच तारपा नृत्याचं पथक आणायला सांगावं का?

नको. त्यांना भाषणासाठी बोलावलंय, पथक जमवणं हे त्यांचं काम नाही. नृत्य हवंच असेल तर पथकाशी वेगळं बोला, वेगळं मानधन द्या. तारपा नव्या पिकाशी जोडलेला आहे, ऑगस्टमध्ये तो वाजवावा की नाही हे त्यांनाच ठरवू द्या.

आमच्या वक्त्यांना गोंडीत बोलायचंय. श्रोते मराठी. काय करू?

गोंडीतच बोलू द्या. दुभाषी त्यांच्या पसंतीचा घ्या, त्यालाही मानधन द्या आणि भाषणाची वेळ दुप्पट धरा. दुभाषी बोलू लागला की ‘वेळ संपली’ची चिठ्ठी पुढे सरकवणारे सूत्रसंचालक मी पाहिलेत. तसं होऊ देऊ नका.

मेलबर्नमधल्या आमच्या मराठी मंडळाला गणेशोत्सवात ‘वेलकम टू कंट्री’ करायचंय. अध्यक्षांनी वाचलं तर चालेल?

नाही. ते स्वागत त्या भूमीचे परंपरागत मालक, म्हणजे तिथले मूळ रहिवासीच करू शकतात. अध्यक्षांना ‘अक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री’, म्हणजे त्या मालकांचा आदराने उल्लेख करता येईल, ते कुणीही करू शकतं. मेलबर्नचा काही भाग वुरुंजेरी लोकांचा, काही बुनुरोंग लोकांचा. तुमचं सभागृह कुणाच्या भूमीवर आहे ते आधी पाहा आणि स्वागतच हवं असेल तर त्यांच्या संस्थेकडे बऱ्याच आधी विचारणा करा. शुल्क असतं, त्यात घासाघीस करू नका. आलेल्या ज्येष्ठांना पहिल्या रांगेत बसवा आणि जेवायला थांबण्याचा आग्रह करा.